आश्रय, अव्हेर आणि मद्य
अमेरिकेतील गौरेतर समलिंगी समाजाच्या मद्यपानाच्या प्रश्नाचा एक आढावा

मद्यपानाचा विचार करताना पिणाऱ्याचा स्वभाव, त्याची संगत आणि त्याचे घर या तीन गोष्टींकडे पाहण्याची आपली जुनी रीत आहे. परंतु तो माणूस जेथे बसून पितो तेथेच तो का बसतो, आणि अन्यत्र बसण्यास त्याला जागा उरली होती काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी समाजात, आणि त्यातही जे वर्णाने गोरे नाहीत अशा कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई आणि मूळ रहिवासी व्यक्तींत, मद्यपानाचा जो अभ्यास गेल्या अर्धशतकात झाला आहे तो वाचीत असता माझे मत असे बनले आहे, की ज्या समाजाला भेटीगाठींसाठी दीर्घकाळ मद्यगृहाखेरीज दुसरे छप्पर मिळू दिले गेले नाही, त्या समाजातील ज्या माणसांना त्या छपराखालीही परके मानले गेले, त्यांच्या मद्यपानाचा सारा हिशेब त्यांच्याच नावे मांडणे अन्यायाचे आहे.

या छपराचा इतिहास मुख्यतः अबकारी खात्याच्या दप्तरात सापडतो. १९३३ साली देशव्यापी दारूबंदी उठल्यावर निरनिराळ्या संस्थानांनी दारूविक्रीचे जे परवाने देण्यास आरंभ केला, त्यांच्या शर्तींत दुकानात बेशिस्त चालू देऊ नये असे एक कलम असे, आणि समलिंगी स्त्रीपुरुषांनी एकत्र जमणे हीच बेशिस्त, असा त्या कलमाचा अर्थ अंमलदार करीत. त्यामुळे परवान्यास जपणारा दुकानदार त्यांना दारात उभे करीत नसे, आणि जो करी तो बहुधा गुन्हेगार टोळ्यांच्या आश्रयाने, पोलिसांना हप्ते भरून आणि पाणी घातलेली दारू चढ्या भावाने विकून धंदा चालवी. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली, सान फ्रान्सिस्कोच्या ब्लॅक कॅट या मद्यगृहाच्या दाव्यात, केवळ समलिंगी गिऱ्हाईक जमते एवढ्या कारणावरून परवाना तहकूब करता येणार नाही असा निवाडा दिला. परंतु चारच वर्षांनी तेथील विधिमंडळाने नवे कलम घालून परवाने काढून घेण्याची वाट पुन्हा मोकळी केली. न्यूयॉर्कमध्ये २१ एप्रिल १९६६ रोजी मॅटाशीन सोसायटी या संस्थेचे काही सभासद, कोट-टाय असा सभ्य पोषाख करून आणि वार्ताहरांना बरोबर घेऊन, ज्यूलियस नावाच्या मद्यगृहात गेले आणि आपण समलिंगी आहोत असे उघड सांगून त्यांनी पेय मागितले. तेव्हा गल्ल्यामागच्या माणसाने त्यांच्यापुढे ठेवलेल्या पेल्यावर आपला तळवा उपडा धरला. त्या क्षणाचे छायाचित्र उपलब्ध आहे. चार माणसे शांतपणे उभी, आणि त्यांच्यापुढे एक झाकलेला पेला, एवढेच त्यात दिसते. एखाद्या समाजाने नागरिकत्वाचा हक्क मागावा तो पेयाच्या मागणीच्या रूपाने, हे कोणा वाचकास चमत्कारिक वाटेल. परंतु ज्यांना उद्यानात, चर्चमध्ये, कचेरीत आणि स्वतःच्या घरातही आपली खरी ओळख लपवून वावरावे लागे, त्यांना ओळखीचे माणूस भेटण्याचे ठिकाण तेवढेच होते. पुढे २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांनी स्टोनवॉल इन येथे धाड घातली आणि तिच्यातून जो उठाव झाला, तोही मद्यगृहातच झाला. पेले विसळण्यास वाहते पाणीही नसलेल्या त्या जागेच्या रक्षणासाठी लोक रस्त्यावर उतरले, यावरून त्यांना दुसरी जागा किती दुर्मिळ होती हे कळते.

हा झाला सर्वसाधारण इतिहास. परंतु तो सांगताना गौरेतरांचा भाग बहुधा वगळला जातो, आणि तेथेच आपल्या विषयाचे मर्म आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, म्हणजे दारूबंदी चालू असतानाच, ग्लॅडिस बेंटली ही कृष्णवर्णीय गायिका पांढरा पुरुषी पोषाख आणि उंच टोपी घालून १३३ व्या रस्त्यावरील क्लॅम हाउसमध्ये पियानोवर गात असे, आणि तिला ऐकण्यास शहराच्या गोऱ्या वस्तीतून माणसे येत. पण हार्लेममधील सामान्य कष्टकरी समलिंगी माणसाचे खरे ठिकाण म्हणजे भाड्याच्या खोलीतील मेजवान्या होत. महिन्याचे भाडे थकले की बिऱ्हाडकरू खोलीतले सामान बाजूला सारून पियानोवाला बोलावी, दाराशी थोडी फी घेई, आणि आत तळलेले मासे व चोरटी दारू विकून घरमालकाचा तगादा भागवी. या मेजवान्यांत दारू होती हे खरे. परंतु त्यांत शेजार होता, जेवण होते, नातलग होते, आणि एका संकटात पडलेल्या बिऱ्हाडाला केलेली मदतही होती. मद्य आणि आपलेपणा यांची जी गाठ पुढील संशोधकांना सोडवता सोडवेना, ती या खोल्यांतच बसलेली दिसते.

गोऱ्या समलिंगी वस्तीत गौरेतरांना काय अनुभव येई याचे पहिल्या प्रतीचे साक्षीपत्र म्हणजे कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचे १९८२ साली प्रसिद्ध झालेले 'झामी' हे आत्मकथन. १९५० च्या दशकात ग्रिनिच व्हिलेजमधील स्त्रियांच्या मद्यगृहात जाताना बरोबरच्या गोऱ्या मैत्रिणींना कोणी काही विचारीत नसे, आणि दारावरचा पहारेकरी वयाचा दाखला मागे तो मात्र लॉर्ड यांच्याकडे, असे त्यांनी त्यात नोंदविले आहे. पुढे या प्रकाराची एक रीतच होऊन बसली. गोऱ्या गिऱ्हाइकास एक ओळखपत्र पुरे, पण कृष्णवर्णीयाकडे दोन मागावयाची, दोन दाखविली तर तिसरे मागावयाचे. पोषाखाचा नियम काढावयाचा तो कृष्णवर्णीय तरुण जे जोडे किंवा ज्या टोप्या वापरतात त्यांवरच नेमका लागू होईल असा. सान फ्रान्सिस्कोच्या कास्ट्रो भागातील एका मद्यगृहाविरुद्ध अशा फिर्यादी झाल्या, आणि शहराच्या मानवी हक्क आयोगाच्या चौकशीत २००५ साली भेदभाव झाल्याचा निष्कर्ष निघाला. मालकाने तो अमान्य केला आणि प्रकरण पुढे तडजोडीने मिटले. फिलाडेल्फियात याच विषयावर जाहीर जाबजबाब होऊन जानेवारी २०१७ मध्ये तेथील आयोगाने अहवाल दिला आणि समलिंगी वस्तीतील ११ मद्यगृहांना भेदभावविरोधी प्रशिक्षण घेण्यास लावले; त्याच वर्षी जूनमध्ये त्या शहराने इंद्रधनुषी ध्वजावर काळा आणि तपकिरी असे दोन पट्टे वाढविले. त्या दोन पट्ट्यांवर जो गदारोळ उठला, आणि तोही समलिंगी समाजातूनच उठला, त्याने आयोगाच्या अहवालास वेगळ्या पुराव्याची गरज ठेवली नाही.

आता शास्त्राकडे वळू. समलिंगी माणसांत मद्यासक्ती अधिक का, याचे उत्तर एकेकाळी त्यांच्या लैंगिकतेच्या तथाकथित विकृतीत शोधले जाई. ती उपपत्ती मोडीत निघाल्यावर तिची जागा घेतली ती इलान मेयर यांनी १९९५ साली न्यूयॉर्कच्या समलिंगी पुरुषांच्या अभ्यासातून मांडलेल्या आणि २००३ साली विस्तृत केलेल्या 'अल्पसंख्यत्वाच्या ताणा'च्या सिद्धान्ताने. प्रत्यक्ष अवहेलना, ती पुन्हा घडेल ही सततची धास्ती, स्वतःचे स्वरूप लपविण्याचे श्रम आणि समाजाची घृणा स्वतःच आत्मसात करणे, या चार वाटांनी येणारा ताण सर्वसामान्य जीवनाच्या ताणावर अधिक भार म्हणून पडतो, असे हा सिद्धान्त सांगतो. आणि त्याच ठिकाणी मेयर हेही सांगतात की आपल्यासारख्यांचा सहवास हा त्या ताणावरील मोठा उतारा आहे. १९८९ साली किंबर्ली क्रेनशॉ या कायदेपंडित स्त्रीने कृष्णवर्णीय स्त्रियांच्या दाव्यांवरून दाखवून दिले होते की वंशाचा अन्याय एका कप्प्यात आणि स्त्रीत्वाचा दुसऱ्या कप्प्यात घालून न्यायालय तपासू लागले तर ज्या व्यक्तीवर दोन्ही एकत्र येतात ती दोन्ही कप्प्यांतून निसटते. या दोन विचारांचा संगम किंबर्ली बाल्सम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली तयार केलेल्या १८ प्रश्नांच्या मापकात झालेला दिसतो. त्याचे तीन भाग आहेत: समलिंगी समाजातील वर्णद्वेष, स्वतःच्या वांशिक समाजातील समलिंगीद्वेष, आणि प्रणयाच्या व जोडीदाराच्या शोधात येणारा वर्णद्वेष. या मापकावर आशियाई वंशाच्या व्यक्तींनी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो व्यक्तींपेक्षा अधिक त्रास नोंदविला, ही गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिसऱ्या भागाचे स्वरूप ज्यांनी मोबाइलवरील भेटीगाठींची अॅप वापरली आहेत त्यांना सांगावयास नको. आपल्या परिचयपत्रात अमुक वर्णाच्या माणसांनी संपर्क साधू नये असे राजरोस लिहिण्याची तेथे चाल होती, आणि ग्राइंडर या अॅपने वंशानुसार माणसे गाळण्याची सोय काढून टाकली ती २०२० साली.

मोजमापाची कथा मात्र सरळ नाही. १९७५ साली लॉस एंजेलिसमध्ये लिलीन फिफील्ड यांनी केलेल्या पाहणीत समलिंगी समाजातील जवळजवळ एक-तृतीयांश माणसे मद्याच्या आहारी गेल्याचा अंदाज निघाला आणि तो आकडा पुढे वर्षानुवर्षे ग्रंथांतून उतरविला गेला. परंतु त्या पाहणीची माणसे मोठ्या प्रमाणात मद्यगृहांतूनच जमविली होती, आणि मद्यगृहाच्या दाराशी उभे राहून मोजले तर कोणताही समाज मद्यपी ठरेल. याहून भरवशाचे काम पुढे देशव्यापी नमुन्यांवर झाले. सुमारे ३४,००० प्रौढांच्या २००४-०५ मधील राष्ट्रीय पाहणीचा आधार घेऊन मॅक्केब आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखविले की समलिंगी व उभयलिंगी प्रौढांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिकांनी आयुष्यात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा भेदभाव सोसला होता, आणि ज्यांनी लैंगिकता, वंश आणि लिंग या तिन्ही कारणांवरून तो सोसला होता त्यांच्यात व्यसनविकाराची संभाव्यता, भेदभाव न सोसलेल्यांच्या मानाने, जवळजवळ चौपट होती. याच पाहणीच्या दोन फेऱ्यांची तुलना करून हॅट्झनब्युलर यांनी त्याच वर्षी आणखी एक गोष्ट पुढे आणली: ज्या संस्थानांनी मधल्या काळात समलिंगी विवाहावर बंदी घालणारी घटनादुरुस्ती केली, तेथील समलिंगी रहिवाशांत मद्यविकारांचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांनी वाढले, आणि जेथे तशी दुरुस्ती झाली नाही तेथे अशी लक्षणीय वाढ आढळली नाही. कायद्याच्या एका कलमाचा परिणाम माणसाच्या पेल्यापर्यंत पोहोचतो, याचा याहून ठळक दाखला माझ्या वाचनात नाही.

यावरून कोणी असा तर्क करील की ज्यांच्यावर दोन भार आहेत ते दुप्पट पीत असतील. तसे नाही, आणि हा या विषयातील सर्वांत विचार करावयास लावणारा भाग आहे. मेयर यांनीच २००८ साली न्यूयॉर्कमधील ३८८ समलिंगी व उभयलिंगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात कृष्णवर्णीयांमध्ये मानसिक व व्यसनविषयक विकारांचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी निघाले. परंतु आत्महत्येचे गंभीर प्रयत्न मात्र कृष्णवर्णीय व लॅटिनो व्यक्तींत अधिक निघाले. म्हणजे ताणाचा भार निश्चित आहे, पण तो प्रत्येक समाजात मद्याच्याच वाटेने बाहेर पडतो असे नाही. कृष्णवर्णीय घरांत, विशेषतः चर्चशी बांधलेल्या घरांत, मद्य न घेण्याची शिस्त बळकट असते. अवहेलनेशी झुंजण्याचे शिक्षण तेथे बालपणीच मिळते, कारण वंशाच्या बाबतीत आई, बाप आणि मूल एकाच बाजूला उभे असतात. लैंगिकतेच्या बाबतीत तो आधार तुटतो. स्त्रियांच्या अभ्यासातून, ज्यात टोंडा ह्यूझ यांनी २००० साली शिकागोत सुरू केलेल्या आणि गौरेतर स्त्रियांना हेतुपूर्वक मोठ्या संख्येने सामावून घेणाऱ्या दीर्घ पाहणीचे स्थान मोठे आहे, असे दिसत आले आहे की समलिंगी स्त्रीला वयाबरोबर पिणे कमी करण्याची जी सामाजिक ओढ इतर स्त्रियांना असते ती तितकीशी लाभत नाही. आणि कृष्णवर्णीय समलिंगी स्त्रीची तुलना गोऱ्या स्त्रीशी न करता तिच्याच समाजातील इतर स्त्रियांशी केली, तर अंतर डोळ्यांत भरते. तुलना कोणाशी करावयाची हे ठरविण्यातच पुष्कळदा उत्तर ठरून जाते, आणि गोऱ्या माणसाला मापदंड धरण्याची सवय संशोधनातून अद्याप पुरती गेलेली नाही.

समाजाशी असलेल्या आपलेपणाचे काय, हा प्रश्न याहून नाजूक आहे. सहवासाने मन सावरते, एकाकीपण ओसरते, स्वतःविषयीची घृणा कमी होते, याविषयी अभ्यासकांत फारसे दुमत नाही. परंतु तोच सहवास मद्यगृहात मिळत असेल तर आपलेपणाबरोबर पिण्याचे प्रसंगही वाढतात, आणि सगळेच पितात असे वाटू लागले की न पिणाऱ्यालाच ओशाळल्यासारखे होते. गौरेतर माणसाच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. समाजाच्या मध्यभागी त्याला सहजासहजी स्थान मिळत नाही, पण समाज सोडला तर घरी परतून गप्प बसावे लागते. म्हणून तो कडेला उभा राहतो, आणि कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला पेल्याखेरीज दुसरे काम नसते. यातील कार्यकारणाचा क्रम नक्की करणे कठीण आहे, कारण बहुतेक पाहण्या एकाच वेळी सर्व प्रश्न विचारतात आणि आधी काय घडले व मागाहून काय, हे सांगू शकत नाहीत. वर्षानुवर्षे त्याच माणसांकडे परत जाणारे अभ्यास थोडे आहेत, आणि त्यांत गौरेतर, त्यातही पारलिंगी गौरेतर, इतके अल्प असतात की शेवटी त्या सर्वांना एका रकान्यात कोंबले जाते. कृष्णवर्णीय, मेक्सिकन, फिलिपिनो आणि पंजाबी यांची मद्याविषयीची रीत एक नाही, हे सांगण्यास संशोधक असण्याची जरुरी नाही.

मूळ रहिवाशांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. त्यांना मद्य विकण्यास संयुक्त सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मनाई केली होती आणि ती १९५३ पर्यंत उठली नाही. त्या मनाईमागे त्यांच्या रक्तातच मद्याची दुर्बलता आहे असा समज होता, आणि तो आजही पुष्कळांच्या मनात टिकून आहे. परंतु राष्ट्रीय पाहण्यांच्या आधारे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात मूळ रहिवाशांत मद्यास स्पर्श न करणाऱ्यांचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा अधिक आढळले. सान फ्रान्सिस्कोच्या परिसरातील त्यांच्या टू-स्पिरिट, म्हणजे समलिंगी व पारलिंगी, समाजाची संस्था २०१२ पासून दर वर्षी पाउवाउ हा जो नृत्यमेळावा भरवीत आली आहे, तो मद्यरहित असतो. ढोल, गोलाकार नृत्य, आजीआजोबांचा मान आणि लहान मुलांची धावपळ यांच्यामध्ये समलिंगी व पारलिंगी माणसे आपापल्या जमातीच्या पोषाखात उतरतात. येथे वंश एका दारातून आणि लैंगिकता दुसऱ्या दारातून आत आणावी लागत नाही.

मद्याच्या व्यापाराने या समाजाकडे लक्ष दिले ते मुख्यतः बाजारपेठ म्हणून. तरीही एक प्रसंग स्मरणीय आहे. कोलोरॅडोच्या कूर्स या बिअर कंपनीवर नोकरीत भेदभाव केल्याचा ठपका ठेवून मेक्सिकन वंशाच्या संघटनांनी आधीच बहिष्कार घातला होता. १९७० च्या दशकात सान फ्रान्सिस्कोत समलिंगी पुढारी हार्वी मिल्क यांनी मालमोटारचालकांच्या संघटनेशी हातमिळवणी करून समलिंगी मद्यगृहांतून ती बिअर हद्दपार करविली. ज्या जागी माणूस एरवी केवळ गिऱ्हाईक होता त्या जागी तो कामगारांचा आणि गौरेतरांचा साथीदार झाला. पुढे मात्र मद्यकंपन्याच अभिमान-मिरवणुकांच्या मोठ्या आश्रयदात्या झाल्या, आणि ज्या समाजात मद्याचा त्रास अधिक त्याच्या उत्सवाचा खर्च मद्याने उचलावा ही स्थिती आजही पुष्कळ शहरांत आहे. मला ती अनुचित वाटते.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या परिषदेने १९७४ साली समलिंगी गटांची नोंद आपल्या यादीत करण्यास मान्यता दिली, हा मोठा टप्पा होता. परंतु गौरेतराला येथेही निवड करावी लागे, आपल्या वर्णाच्या गटात जाऊन जोडीदाराविषयी मौन पाळावयाचे, की समलिंगी गटात जाऊन वर्णाविषयी. ही निवड ज्यांनी संपविली त्यांत ज्यूएल थाइस-विल्यम्स यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. १९७३ साली लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी ज्यूएल्स कॅच वन हे नृत्यगृह काढले, ते अशासाठी की शहराच्या पश्चिमेकडील समलिंगी नृत्यगृहांत कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना दारातूनच परतविले जाई. चार दशके ते चालले, आणि एड्सच्या काळात ते मदत गोळा करण्याचे ठाणे बनले. आपल्या गिऱ्हाइकांचे आरोग्य जवळून पाहिल्यावर त्या उतारवयात चिनी वैद्यक शिकल्या आणि २००१ साली त्यांनी नृत्यगृहाच्या शेजारीच गरिबांसाठी दवाखाना उघडला. त्याच प्रकारे, सौंदर्यस्पर्धांतील गोऱ्या परीक्षकांच्या पक्षपातास कंटाळून क्रिस्टल लाबेझा या कृष्णवर्णीय पारलिंगी कलावतीने १९७० च्या दशकाच्या आरंभी हार्लेममध्ये ज्या 'घराण्या'ची स्थापना केली, त्यातून घराबाहेर काढलेल्या मुलांना आई, बहिणी आणि आडनाव देणारी एक संस्था उभी राहिली.

दक्षिण आशियाई समलिंगी माणसांनी आपली जागा दिवाणखान्यांत केली. १९८६ साली सान फ्रान्सिस्को परिसरात निघालेली ट्रायकोन ही त्यांची जुनी संस्था. तिचे नियतकालिक भारतात पोहोचे, आणि पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे हे अमेरिकेतील वास्तव्यात याच संस्थेच्या संपर्कात आले. पुण्यात पुढे मराठीतून जी मदतवाहिनी, जी पुस्तके आणि ज्या बैठका झाल्या त्यांचा एक धागा असा त्या परदेशी दिवाणखान्यापर्यंत जातो.

म्हणून एक विनंती अमेरिकेतील मराठी माणसांना करावीशी वाटते. १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ तेथे कार्य करीत आहे आणि शहरोशहरी मंडळे आहेत; त्यांचा गणेशोत्सव शाळेच्या सभागृहात, पंगतीने आणि आरतीने, मद्याच्या थेंबाविना साजरा होतो. समलिंगी मराठी मुलगा किंवा मुलगी आपल्या जोडीदारासह त्या सभागृहाच्या दारात आली तर नावनोंदणीच्या मेजावर बसलेल्या काकूंनी दोघांची नावे एका कुटुंबाच्या रकान्यात लिहावीत, आणि पंगतीत शेजारी बसवावे. यास नवा निधी लागत नाही आणि कोणाचा परवानाही लागत नाही; येत्या भाद्रपदापासून याचा आरंभ करता येईल.